‘त्या पद्धतीनं ते जिंकले’, मग मीही तीच शिकू का?

प्रश्न (थोडक्यात): अलिबाग तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४४. उमेदीची वर्षं टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांत गेली, गेल्या तीन वर्षांपासून गोल्फचा नाद लागला आहे. घरामागच्या नारळ-सुपारीच्या वाडीत जुनं मासेमारीचं जाळं टांगून सराव करतात, महिन्यातून दोनदा खारघरच्या गोल्फ मैदानावर जातात. तिथले एक कोच अधूनमधून शिकवतात. हँडिकॅप (खेळाचा दर्जा दाखवणारा आकडा, कमी तेवढा चांगला) वर्षभर २२ वर अडकला आहे. आता मुंबईच्या मेव्हण्यांनी एका स्विंग (क्लब, म्हणजे गोल्फची काठी फिरवण्याच्या) पद्धतीचा वर्षभराचा ऑनलाइन कोर्स सुचवला आहे. फी ३८,००० रुपये. वजन सुरुवातीपासून पुढच्या पायावर ठेवायचं, हा त्या पद्धतीचा गाभा. जाहिरातीत टूरवरच्या, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतल्या, विजेत्यांची नावं आहेत. मेव्हणे म्हणतात, ‘एवढे व्यावसायिक जिंकले, आणखी काय पुरावा हवा?’ कोच म्हणतात, ‘एकदम एवढी उलथापालथ नको.’ पत्नीचं म्हणणं, यंदा आंबा जेमतेम झाला, पैसे जपून वापरा. शिवाय १३ वर्षांच्या मुलीलाही गोल्फची गोडी लागली आहे, तर तिला पहिल्यापासून याच पद्धतीनं शिकवावं का, हाही प्रश्न आहे. सवलतीची मुदत येत्या रविवारी संपते. (पद्धतीचं नाव पत्रात आहे, इथे मुद्दाम गाळलं आहे.)

उत्तर:

तुमच्या पत्रात ‘पुरावा’ हा शब्द चार वेळा आला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू या. व्यावसायिक जिंकला, हा पुरावा आहेच. पण कशाचा? त्या पद्धतीनं खेळूनही वरच्या दर्जाचं गोल्फ खेळता येतं, ती माणसाला आडवी येत नाही, एवढ्याचाच. ही क्षुल्लक गोष्ट नाही. निव्वळ थापा विकणाऱ्याकडे अशी यादी नसते. पण तुमचा प्रश्न वेगळा आहे. आठवड्याला शंभर-सव्वाशे चेंडू मारणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या, २२ हँडिकॅपच्या माणसाचा खेळ या पद्धतीनं सुधारेल का? त्याचं उत्तर विजेत्यांच्या यादीत असूच शकत नाही, कारण त्या यादीत तुमच्यासारखा एकही माणूस नाही.

टायगर वुड्सचंच बघा. बुच हार्मनच्या मार्गदर्शनाखाली त्यानं १९९७ ते २००२ या काळात ८ मेजर (गोल्फच्या वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकल्या. मग हँक हेनीकडे गेला, स्विंगचा आराखडा बदलला, आणि २००५ ते २००८ मध्ये आणखी ६ मेजर आल्या. त्यानंतर शॉन फोलीबरोबर एकही मेजर नाही, पण २०१३ मध्ये पाच स्पर्धा जिंकून तो पुन्हा जगात पहिला झाला. २०१९ चं मास्टर्स जिंकलं तेव्हा कायमचा स्विंग कोच सोबत नव्हता. आता यातली कोणती पद्धत ‘सिद्ध’ झाली? प्रत्येक पद्धतीचा विक्रेता टायगरचा फोटो लावू शकतो, आणि प्रत्येकाचा दावा एका परीनं खराच असेल. सगळीकडे समान होता तो खेळाडू.

तुमच्या कोर्ससारखीच, म्हणजे वजन पुढच्या पायावर ठेवणारी ‘स्टॅक अँड टिल्ट’ ही पद्धत २००७ च्या सुमारास अमेरिकेत खूप गाजली. ऑस्ट्रेलियाचा आरोन बॅडली हा तिचा ठळक चेहरा. त्यानं २००६ आणि २००७ मध्ये पीजीए टूरवर (अमेरिकेतली पुरुषांची मुख्य व्यावसायिक मालिका) एकेक स्पर्धा जिंकली. २००९ मध्ये त्यानं ती पद्धत सोडली, जुन्या कोचकडे परतला, आणि २०११ मध्ये पुन्हा जिंकला. पद्धत धरली म्हणून जिंकला म्हणायचं, तर सोडली म्हणूनही जिंकला म्हणावं लागेल. मेव्हण्यांना हे जरूर सांगा, पण उलट्या टोकालाही जाऊ नका: त्यानं सोडली म्हणून पद्धत वाईट ठरत नाही. एका माणसाच्या दोन-तीन विजयांवरून दोन्हीकडचा निकाल लागत नाही.

दुसरीकडे जिम फ्युरिक. वडिलांनी शिकवलेला, वर जाताना भलतीकडे वळसा घेणारा त्याचा स्विंग कुठल्याही पुस्तकात बसत नाही. त्यानं २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवर ५८ फटक्यांची फेरी खेळला. ली ट्रेव्हिनो स्वतःचं स्वतः शिकला, त्याच्या नावावर ६ मेजर आहेत. बबा वॉटसननं रीतसर शिकवणी न घेता दोनदा मास्टर्स जिंकलं. हे सगळे पद्धतीशिवाय जिंकले. मग ‘पद्धतच नको’ हीच पद्धत सिद्ध झाली का?

यादी वाचताना आणखी एक आकडा मागायला हवा, आणि तो जाहिरातीत कधीच नसतो: ही पद्धत किती जणांनी करून पाहिली? दहा जिंकले, ठीक. पण वीस जणांनी धरली होती की दोनशे? उरलेल्यांचं काय झालं? इयन बेकर-फिंच १९९१ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकला, पुढे स्विंगमध्ये बदल करत गेला, आणि १९९७ च्या ओपनमध्ये पहिल्याच फेरीत ९२ फटके घेऊन त्यानं माघार घेतली. अशी नावं कुणी पोस्टरवर छापत नाही. देवगडच्या कातळावरचं, पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं हापूसचं कलम लगडलं की त्याच्यापुढे खताची पिशवी उभी करून फोटो काढता येतो. ते खत घालून ज्यांचा मोहोर करपला, त्यांच्या बागेत कॅमेरा जात नाही.

शिवाय नामांकित कोचकडे जाणारा मुळातच तयार असतो. कोच डेव्हिड लेडबेटर आणि इंग्लंडचा खेळाडू निक फाल्डो यांचं उदाहरण प्रत्येक जाहिरातीत येतं: १९८५ च्या मध्यापासून सुमारे दोन वर्षं स्विंग मोडून नव्यानं बांधला, आणि १९८७ मध्ये मुरफील्डला शेवटच्या फेरीत अठराच्या अठरा होल पारमध्ये (प्रत्येक होलसाठी ठरलेल्या फटक्यांत) खेळून फाल्डोनं ओपन जिंकली. गोष्ट खरी आणि प्रेरणादायी आहे. पण १९८३ मध्येच फाल्डो युरोपात पाच स्पर्धा जिंकून त्या वर्षीच्या क्रमवारीत पहिला आला होता. बदल सोसायला त्याच्याकडे अख्खा दिवस होता. तो दिवसाला ३०० चेंडू, आठवड्यातून सहा दिवस मारत होता असं नुसतं धरून चाललं, तर आठवड्याचे १,८०० होतात. तुमचे १२० धरले, तर त्याचा एक आठवडा म्हणजे तुमचे पंधरा. या हिशेबानं त्याची दोन वर्षं म्हणजे तुमची तीस.

आणि इथेच त्या कोर्सच्या माहितीपत्रकातल्या एका वाक्याबद्दल सावध करावंसं वाटतं: ‘सुरुवातीला खेळ बिघडेल, घाबरू नका.’ स्विंग बदलताना काही दिवस खेळ बिघडतो, हे खरं आहे. पण किती दिवस, हे आधी ठरलेलं नसेल, तर त्या वाक्याला शेवटच नाही. सुधारलात तर श्रेय पद्धतीचं, बिघडलात तर तुमचा सराव अपुरा. ज्या दाव्याला हरण्याची वाटच ठेवलेली नाही, त्याचं जिंकणंही तपासता येत नाही.

आता थोडं खोलात जाऊ, कारण पद्धतींच्या बाजारातली सगळ्यात मोठी गफलत पुढे आहे. चांगला खेळाडू जे करतो आणि तो जे करतोय असं त्याला वाटतं, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. घरातली आजी सोलकढीत मीठ ‘चिमूटभर’ म्हणते, पण तिची चिमूट वाटीत धरून मोजली तर चमचाभर निघते. कढी उत्तमच होते. तिनं सांगितलेलं माप घेऊन सुनेनं केलेली मात्र आळणी.

गोल्फमध्ये हे अगदी ढळढळीत घडलं आहे. कित्येक दशकं पुस्तकांत आणि शिकवण्यांत नियम होता की चेंडू क्लब ज्या मार्गानं फिरतो त्या दिशेनं निघतो आणि क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा सपाट भाग) जिकडे बघतो तिकडे वळतो. गेल्या वीसेक वर्षांत रडारवर मोजमाप सुरू झालं तेव्हा उलट दिसलं. चेंडू कुठे निघणार हे मुख्यतः क्लबफेस ठरवतो, ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारायचा क्लब) सुमारे ८५ टक्के आणि आयर्नला (धातूच्या पातळ डोक्याचे, मधल्या अंतराचे क्लब) सुमारे ७५ टक्के. वळण ठरतं ते फेस आणि मार्ग यांच्यातल्या फरकावरून. जुना नियम शब्दशः पाळून, पाय उजवीकडे वळवून आणि फेस झेंड्यावर रोखून ड्रॉ (उजव्या हातानं खेळणाऱ्याचा, उजवीकडून डावीकडे वळणारा फटका) मारायला गेलात, तर चेंडू झेंड्याच्या जवळपास निघून डावीकडे निसटतो. तरीही तो नियम मानणाऱ्या पिढ्यांनी मेजर जिंकल्या, कारण त्यांचे हात प्रत्यक्षात फेस थोडा उजवीकडे उघडा ठेवून मारत होते. स्पष्टीकरण चुकीचं, फटका अचूक. विजेत्यानं सांगितलं म्हणून स्पष्टीकरण खरं ठरत नाही, याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही.

मग व्यावसायिकांकडून शिकण्यासारखं काहीच नाही का? आहे, आणि भरपूर आहे. फक्त त्यांच्यातला फरक न बघता साम्य बघा. फ्युरिक, ट्रेव्हिनो, फाल्डो यांचे स्विंग वर जाताना तीन गावचे असले तरी आयर्नचा चेंडू लागण्याच्या क्षणी ते जवळजवळ सारखे दिसतात. हात चेंडूच्या पुढे, वजन बहुतांशी पुढच्या पायावर, आणि स्विंगच्या कमानीचा तळ चेंडूच्या पुढे, टूरवरच्या खेळाडूंचा साधारण १० सेंमी. म्हणजे क्लब आधी चेंडूला लागतो, मग जमिनीला. चेंडू फेसच्या मध्यावर बसतो. बस. कुठलीही पद्धत तुम्हाला इथवर नेत असेल, तर तुमच्यापुरती ती चांगली.

मध्यावर बसण्याची किंमत किती, तेही बघा. काही वर्षांपूर्वीच्या रडार मोजमापांत साधारण १४-१५ हँडिकॅपच्या हौशी पुरुषाच्या ड्रायव्हरचा वेग ताशी सुमारे ९३ मैल होता. एलपीजीए टूरवरच्या (अमेरिकेतल्या महिला व्यावसायिकांच्या मालिकेतल्या) खेळाडूंचा ९४. म्हणजे जवळजवळ तेवढाच. पण चेंडू सुटायचा तो हौशी माणसाचा ताशी सुमारे १३३ मैलांनी आणि त्यांचा १४० नं. चेंडूच्या वेगातला एक मैल म्हणजे हवेतले साधारण दोन यार्ड. हा फरक ताकदीचा नाही, फटका मध्यावर बसण्याचा आहे. पुरुषांच्या टूरवरचा सरासरी वेग तेव्हा ११३ मैल होता. तो तुमच्या-आमच्या अंगात येणार नाही, मग त्या शरीरांनी कमावलेल्या विजयांवरून आपला स्विंग का ठरवायचा? नमुना हवाच असेल, तर एलपीजीएच्या खेळाडूंचे व्हिडिओ बघा.

आता तुमच्या स्विंगकडे. तुम्ही लिहिलंय की निम्मे आयर्न फटके एकतर आधी मातीत रुततात, नाहीतर चेंडूच्या डोक्यावर बसून सरपटत जातात. हे दोन वेगळे दोष वाटतात, पण मूळ बहुधा एकच असतं: कमानीचा तळ चेंडूच्या मागे पडतो. कधी क्लब तिथेच जमिनीत घुसतो, कधी तिथून वर येता येता चेंडूचं डोकं खरवडतो. टेनिस बॉल क्रिकेट खेळलेल्यांत हे नेहमी दिसतं. हलका चेंडू सीमेपार उचलायचा म्हणून मागच्या पायावर रेलून, खालून वर मारायची सवय अंगात मुरलेली असते. गोल्फमध्ये उचलायचं काम क्लबचं आहे. सात नंबरच्या आयर्नचा फेस साधारण ३० ते ३४ अंश मागे कललेला असतो; तुम्ही वरून खाली मारा, चेंडू आपणहून वर जातो.

म्हणूनच तुमच्या कोर्समधला मुख्य मुद्दा, वजन पुढे ठेवणं, तुम्हाला खरोखर उपयोगी पडू शकतो. अमुक जण जिंकले म्हणून नाही, तर तुमच्या दोषाला तो उतारा आहे म्हणून. ज्याचं वजन आधीच पुढे लोटलेलं असतं आणि जो खोल खड्डे पाडतो, त्याला हाच सल्ला आणखी खड्ड्यात घालेल. पण एका मुद्द्यासाठी पूर्ण वर्षाचा कोर्स लागत नाही. आधी हा मुद्दा लागू पडतो का, ते फुकटात तपासा. त्यासाठी कोकणात मुंबईकरांकडे नसलेली सोय तुमच्या दारात आहे: ओहोटीची ओली वाळू.

भरतीचं पाणी उतरून गेल्यावर जी वाळू पायाखाली घट्ट लागते, जिथे टाच जेमतेम उमटते, ती निवडा. वरची कोरडी वाळू नको, ती ढासळते. पाण्याच्या काठची चिखलासारखी नको, शिंतोडे उडून खूण मोडते. जुना पिचिंग वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) किंवा नऊ नंबरचा आयर्न घ्या, कारण वाळूनं फेसवर ओरखडे पडतात. काठीनं वाळूत तीनेक मीटर लांब सरळ रेघ ओढा. ही रेघ म्हणजे चेंडू. रेघ दोन्ही पावलांच्या मधोमध येईल आणि लक्ष्य तिच्या काटकोनात असेल असे उभे राहा. चेंडू न ठेवता, वाळूला क्लब खरवडेल असा तीन चतुर्थांश स्विंग करा. मग रेघेवर वीतभर सरका आणि पुन्हा. असे दहा.

आता खाली वाका आणि प्रत्येक खूण नीट बघा. खूण रेघेवर किंवा तिच्या किंचित पुढे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला, सुरू झाली असेल तर तो फटका चांगला. रेघेच्या मागे सुरू झाली असेल तर चार बोटं मागे की वीतभर, ते मोजून लिहा. खूण पातळ, बटाट्याच्या कापासारखी असावी. सुरुवातीलाच खड्डा पडला असेल तर क्लब फार उभा येतोय. खुणेची लांबट दिशा लक्ष्याच्या बरीच डावीकडे झुकलेली असेल, तर मार्ग बाहेरून आत आहे, क्रिकेटमधल्या कटसारखा. तुम्हाला स्लाइसही (चेंडू उजवीकडे वळत जाणं) होतो असं लिहिलंय, त्याचं अर्धं उत्तर इथे मिळेल. उरलेलं अर्धं चेंडू कुठून निघतो त्यात आहे: तो निघतानाच उजवीकडे निघत असेल तर फेस उघडा आहे, आधी ग्रिप, म्हणजे हातांची पकड, तपासा, डावीकडे निघून मग उजवीकडे वळत असेल तर आधी मार्ग.

मग वजनाचा साधा प्रयोग करा. सुरुवातीलाच वजन पुढच्या पायावर साठ टक्क्यांच्या आसपास घ्या, छातीचं बटण रेघेच्या वर किंवा किंचित पुढे ठेवा, क्लब मागे नेताना डोकं मागे सरकू देऊ नका. पुन्हा दहा खुणा. पहिल्या दहांपैकी दोन बरोबर होत्या आणि आता सहा झाल्या, तर तुमच्या अंगाला हे पटतंय. काहीच फरक नाही, किंवा कमरेत ओढ बसते, तर हा उतारा तुमचा नाही. कमरेच्या दुखण्यावर ‘सवय होईल’ असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका, तिथेच थांबा.

पहाटे जा, पर्यटक आणि घोडागाड्या यायच्या आत. किनाऱ्यावर चेंडू अजिबात मारू नका. घरी आल्यावर क्लब गोड्या पाण्यानं धुऊन कोरडा करा आणि क्लबच्या डोक्यावर तेलाचं बोट फिरवा, खाऱ्या हवेत ओलं पोलाद दोन दिवसांत तांबूस होतं. तेल मुठीकडच्या रबराला लागू देऊ नका.

वाडीतल्या सरावाबद्दल दोन गोष्टी, कारण तुमची सध्याची मांडणी तुम्हाला फसवते आहे. जांभ्याच्या फरशीवर थेट मॅट टाकली, की मागे लागलेला क्लब उसळून चेंडूपर्यंत पोचतो आणि फटका बरा वाटतो. तोच फटका गवतावर रुततो. मनगट आणि कोपर दुखतं ते वेगळंच. मॅटखाली जाड रबर किंवा काथ्याचा थर द्या आणि चेंडूच्या १० सेंमी मागे घडी घातलेला टॉवेल ठेवा. टॉवेलला क्लब लागला, तर फटका चुकला, चेंडू कितीही छान गेला तरी. दुसरं, जाळ्याचं. गोल्फचा चेंडू ४२.६७ मिमी व्यासाचा असतो, पण जाळ्याचा आस (दोऱ्यांमधलं भोक) तेवढा चालत नाही, वेगानं तो दोऱ्यांतून घुसतो. आस २५ मिमीच्या आतला हवा. डोल जाळ्याच्या (पिशवीसारख्या लांब जाळ्याच्या) टोकाचा बारीक आसाचा तुकडा मिळाला तर उत्तम. उन्हानं आणि खारानं कुजलेलं नायलॉन बोटांनी ओढून तुटतंय का ते दर महिन्याला बघा. जाळं ताणून बांधू नका, चेंडू उलटा अंगावर येतो. दुहेरी, सैल, खाली जमिनीवर लोळेल असं सोडा आणि तीन मीटर लांब उभे राहा. चेंडू फेसवर कुठे बसतो हे कळायला व्हाइटबोर्डच्या मार्करनं चेंडूवर टिपका काढा आणि तो फेसच्या बाजूला ठेवा. फटक्यानंतर फेसवर ठसा उमटतो, फडक्यानं पुसला जातो.

आता खरी चाचणी. बदल करण्याआधी वेगवेगळ्या तीन दिवशी सात नंबरचे तीस-तीस फटके मारा, आणि वहीत तीनच रकाने ठेवा: टॉवेल लागला का, ठसा मध्यावर का, आणि मैदानावर असाल तर चेंडू कोणत्या बाजूला निघाला. मग सहा आठवडे एकच बदल. ग्रिप, वजन आणि हातांचा मार्ग असं एकदम तिन्ही बदललं, तर काय लागू पडलं ते कधीच कळणार नाही. सहा आठवड्यांनी तेच तीन दिवस, तेच तीस फटके, त्याच जातीचे चेंडू. एक पथ्य पाळा: शिकवणीच्या दिवशी मोजू नका. एकच फटका ओळीनं पन्नास वेळा मारला की पन्नासावा सुंदरच बसतो, आणि दोन दिवसांनी तो हरवलेला असतो. दोन दिवस क्लब न धरता, पाच चेंडू सैल मारून मग मोजा. जे तेव्हाही हातात आहे, तेवढंच शिकलात. सरावातही दर फटक्याला क्लब बदलत जा. वहीतला आकडा थोडा वाईट दिसेल, पण मैदानावर टिकेल.

हँडिकॅपवरून निकाल लावू नका. तो शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ वरून निघतो. महिन्याला दोन फेऱ्या म्हणजे वीस व्हायला दहा महिने. एखाद्या फेरीवरूनही नको. तुमच्या पातळीवर फेऱ्याफेऱ्यांत आठ-दहा फटक्यांचा फरक सहज पडतो. माणूस शिकवणीला जातो तो बहुधा सगळ्यात वाईट फेरीनंतर; पुढची फेरी काहीही न करता थोडी बरी होणारच असते, आणि श्रेय शिकवणीला जातं. बदलापूर्वीच्या पाच आणि नंतरच्या पाच फेऱ्यांची सरासरी धरा.

कोर्सवाल्यांना मात्र फोन जरूर करा. विचारा, की २० च्या वर हँडिकॅप असलेले किती जण आले आणि वर्षाअखेर त्यांचं काय झालं? शिकवण्याआधी तुम्ही माझे फटके बघणार का, की सगळ्यांना एकच धडा? किती आठवड्यांत काय दिसायला हवं, आणि नाही दिसलं तर पैसे परत का? यादीतल्या विजेत्यांची नावं पुन्हा सांगून उत्तर आलं, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर आलेलं नाही. आणि हेच तीन प्रश्न तुमच्या कोचनाही विचारा, अगदी आदरानं. ‘उलथापालथ नको’ हाही एक दावाच आहे. वाळूतले फोटो आणि वही त्यांच्यापुढे ठेवा. चांगला कोच खूश होईल, कारण अंदाजावर बोलायची वेळ टळते. ३८,००० पैकी थोडे पैसे त्यांच्याकडच्या पाच शिकवण्यांवर, दर तीन आठवड्यांनी एक अशा, घालवले तर मला ते अधिक मोलाचे वाटतात. समोरचा माणूस तुमचा चेंडू बघतो, व्हिडिओला तो दिसत नाही.

मुलीबद्दल माझं मत ठाम आहे: तिला कुठल्याही नावाच्या पद्धतीत अडकवू नका. तेराव्या वर्षी उंची भराभर वाढते, हातपाय दर सहा महिन्यांनी वेगळ्या मापाचे होतात. आज ठोकून बसवलेली ठेवण पुढच्या वर्षी तिच्या अंगाला बसणार नाही. तिला ग्रिप, उभं राहणं आणि तोल सांभाळून स्विंग संपवणं एवढं कोचकडून नीट शिकू द्या, आणि बाकी वेळ लक्ष्य द्या: त्या टोपलीत टाक, त्या माडाच्या डावीकडून ने, आता उजवीकडून. चेंडू वळवता वळवता फेस आणि मार्ग तिला आपोआप कळतील. तुमचे जुने क्लब कापून देऊ नका. दांडा आखूड झाला तरी कडक राहतो, डोकं जड राहतं, आणि मुलं ते पेलायला मागे रेलतात. म्हणजे तुमचाच दोष तिला जन्मापासून. तिच्या उंचीचे तीन-चार हलके क्लब पुरेत. आणि लांब मारायची घाई नको. भारताची अदिती अशोक टूरवर लांब मारणाऱ्यांत मोडत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली, पदकापासून एका फटक्यावर, ते जवळच्या खेळाच्या आणि पटिंगच्या (चेंडू जमिनीवरून होलकडे हळूच सरपटवण्याच्या) बळावर. अंगणात शेणानं सारवलेल्या जागेवर वाटी ठेवून पट मारणं हा तिच्यासाठी रोजचा दहा मिनिटांचा अभ्यास होऊ शकतो.

मेव्हण्यांशी वाद घालू नका. त्यांना तुमचं भलंच हवं आहे, आणि वजन पुढे घेण्याबद्दल त्यांचं म्हणणं कदाचित बरोबर निघेल. सवलतीची मुदत रविवारी संपू द्या. असे कोर्स बहुधा पुन्हा सवलतीत येतात. त्या रविवारी पहाटे ओहोटी किती वाजता आहे ते गावातल्या कोळ्यांना विचारून ठेवा, ती रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते. जुना वेज, काठी, वही आणि मोबाइल घ्या. मेव्हणे आले असतील तर त्यांनाही न्या, रेघ मुलीला ओढू द्या, आणि पहिल्या दहा खुणांचे फोटो पाणी वर यायच्या आत काढून घ्या.